खोली खाली करा!

परभणीच्या स्टेशनाकडच्या गल्लीत व्यंकटरावांच्या घरामागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. कडेच्या खोलीत सुमंगला ज्वारी पाखडत बसली होती. दिवस भरत आले होते, वाकवत नव्हतं. नवरा दिनकरराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं.

दारात व्यंकटराव आले. देवभोळा, पापभीरू माणूस म्हणून गावात त्यांचा लौकिक होता.

“दिनकरराव, उद्या खोली खाली करा.”

“काय चुकलं काका? भाडं तर वेळेवर देतो.”

“भाड्याचं कोण बोलायलंय? आमची द्वारका पहिलटकरीण, बाळंतपणाला आली हाय. एका आवारात दोघी बाळंत झाल्या की एकीचं वाईट होतं. माझ्या लेकीचं होऊ देऊ का?”

“म्हंजे आमचं झालं तरी चालंल?” सुमंगलेनं आतून विचारलं.

ते तिच्याकडे न बघताच निघून गेले.

सकाळीच दिनकरराव सरकारी कचेरीत धावले. तिथल्या पेशकारानं, साहेबाच्या कारकुनानं, पान चघळत सांगितलं, “किरायेदाराला कसला हक? मकान मालिकाचं, मर्जी मालिकाची. जा.”

इकडे सुमंगलेच्या डोक्यावरचे पत्रे व्यंकटरावांचे गडी उतरवायला लागले होते. वैशाखाचं ऊन चुलीवर आलं, अंथरुणावर आलं, पोटावर आलं. शेजारच्या बिऱ्हाडांनी दारं लोटून घेतली होती. ज्याला त्याला आपल्या पत्र्याची धास्ती. दिनकरराव परतले तेव्हा ती आडोशाला भिंतीशी चिकटून उभी होती.

बोचकं उचलून दोघं घरोघर हिंडली. खोल्या रिकाम्या होत्या, पण अवघडलेली बाई दिसली की घरमालकाचा हात कडीकडे जाई. कुणाला सोयर नको होतं, कुणाला विटाळ. धर्मशाळेच्या राखणदारानं दुरूनच हात हलवला. रस्त्यातच तिला कळा सुरू झाल्या.

कापसाच्या बाजारातल्या उघड्या मांडवाखाली ती बाळंत झाली. तिथं सांडलेला कापूस वेचणाऱ्या धुरपताबाईनं स्वतःचं लुगडं आडवं धरलं. मुलगी झाली, खणखणीत रडली. पण झळा अंग भाजत होत्या. सांज होईतो लेकरू तापानं फणफणलं, मग निपचित पडलं, ते उठलंच नाही.

धुरपताबाईनं दोघांना आपल्या झोपडीत नेलं. सोयर सरायच्या आतच व्यंकटराव तिथं आले.

“झालं ते लय वाईट झालं. मी पत्रे बसवून घेतलेत. आता अडचण सरली, या राह्यला.”

सुमंगला उठली. “अडचण? माझ्या लेकीला अडचण म्हणता?”

“तसं न्हाई बाई...”

“तसंच हाय! तुमच्या लेकीला माडी, अन् माझ्या लेकीला बाजाराचा मांडव. येणार आमी, काका. पण तुमी जा म्हणल्यावर निघायचं अन् या म्हणल्यावर यायचं, हे आता व्हायचं न्हाई!”

ती तशीच खोल्यांपाशी आली आणि एकेक दार ठोठावू लागली. “माझे पत्रे निघाले तवा तुमी दारं लोटली. उद्या तुमचे निघतील. कचेरीत येता का?” बाया मान खाली घालून बाहेर आल्या. एकीनं तिला हाताचा आधार दिला.

मग माडीचा जिना धरत द्वारकाही उतरली, भरल्या पोटाची.

“आत हो! तिची सावली नको!” मागोमाग आलेले व्यंकटराव ओरडले.

“बाबा, माझ्या नावानं तुमी तिचं लेकरू उन्हात घातलं. मला एकदा तरी इचारलं का?” ती म्हणाली आणि त्या बायांमागून चालू लागली.

कचेरीत पेशकार कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “बाळंतिणीला घराबाहेर काढू नये, असा कायदाच न्हाई, बाई.”

“न्हाई म्हणूनच आलोत. आतल्या सायबाला बाहेर बोलवा. माणूस मेल्याबिगर सरकारला घर गेलेलं दिसत न्हाई का, ते त्यालाच इचारायचंय.”

“साहेब कामात हायत.”

“आमी बसतो.”

ओसरीवर बाया बसल्या. पेशकारानं दटावलं, शिपायाला हाक मारली, पण एकही उठली नाही. शेवटी पेशकारच उठून साहेबाला बोलवायला आत गेला.

ज्यांच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांनी हे वाचून नुसतं हळहळू नये. पुढल्या वेळी दारात अवघडलेली बाई उभी राहील, तेव्हा आपला हात कुठं जातो, तेवढं बघावं.