पेन्सिलीचा पत्ता

पंधरा डॉलरच्या वरची वस्तू आपली नव्हे, असा ऑर्व्हिल स्टाउटचा नियम होता. बत्तीस वर्षांत त्याने तो एकदाच मोडला होता, आणि तेव्हासुद्धा सोळाच दिले होते. काचेच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेला माणूस तो. नामवंत खेळाडूंच्या सह्या आणि त्यांच्या बॅटी घेणारे लोक वेगळे. ऑर्व्हिल गोळा करायचा ते साध्या माणसांनी हाताने काढलेलं बेसबॉल. कुणा बँकेतल्या कारकुनाने जलरंगात रंगवलेलं मैदान, गावच्या वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्राचा मूळ कागद, आणि मुख्य म्हणजे पाकिटं. सामना ज्या दिवशी, ज्या गावात, त्याच दिवसाचा आणि त्याच गावचा टपालाचा शिक्का बसलेली, आणि डाव्या बाजूला कुणीतरी मन लावून चित्र काढलेली पाकिटं. छापील चित्राकडे तो ढुंकूनही बघत नसे.

"माणसाच्या घरात पाहुण्याला झोपायला खोली असते," त्याची बहीण ओपल म्हणायची. "तुझ्याकडे तिथे कागद झोपलेत."

"कागद घोरत तरी नाहीत," ऑर्व्हिल म्हणायचा.

ओपल त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले, तेव्हा याला वाढवलं तिनेच, त्यामुळे बासष्टाव्या वर्षीसुद्धा तो तिच्यासमोर बसताना आधी टोपी काढायचा. हा कागदांचा नाद त्याला का लागला हे तिला ठाऊक होतं, पण ते नाव दोघांच्या बोलण्यात येत नसे. ते नाव म्हणजे लाइल, दोघांच्या मधला भाऊ.

लाइल एकोणीसशे बावन्न सालच्या मार्चमध्ये कारखान्यातली बांधली नोकरी सोडून वेस्ट व्हर्जिनियातल्या कुठल्याशा फाटक्या टीमकडून खेळायला गेला. पगार तुटपुंजा, प्रवास खटारा बसचा. ओपल तेव्हा तेवीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला, घरात अकरा वर्षांचा ऑर्व्हिल खायला बसलेला. तिचं डोकं फिरलं. "जातोस तर जा," ती दारात उभी राहून म्हणाली, "पण या दारात पुन्हा तोंड दाखवू नकोस." लाइलने तिचा शब्द तंतोतंत पाळला. चार महिन्यांत एक ओळ नाही. जुलैच्या चोवीस तारखेला टीमची बस घाटात उलटली. तीन पोरं गेली, त्यात हा एक.

आपला भाऊ आपल्यावर रागावलेलाच गेला, हे ओपलने एक्कावन्न वर्षं पोटात ठेवलं होतं. तिने ते बोलून दाखवलं एकदाच, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी, भुलीचं औषध चढत असताना. ऑर्व्हिलने ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

लाइल खेळायचा बरा आणि चित्रं काढायचा त्याहून बरी. सामन्याच्या दिवशी पाकिटावर चित्र काढायचं, गावच्या टपाल कचेरीत शिक्का मारून घ्यायचा आणि संध्याकाळी मैदानाबाहेर पंचवीस सेंटला विकायचं, हा त्याचा जोडधंदा. ती पाकिटं अजूनही कुठे कुठे निघायची. ऑर्व्हिलने चौदा जमवली होती. सही नसली तरी त्याला ती ओळखू यायची, कारण लाइलचे खेळाडू नेहमी पायापेक्षा दोन मापं मोठे बूट घालायचे. चौदाच्या चौदा कोरी, म्हणजे उजव्या बाजूला नाव ना पत्ता. या छंदात तेच उत्तम मानतात. पत्ता घातलेलं पाकीट म्हणजे कुणीतरी आधी चावा घेतलेलं सफरचंद.

एप्रिलमधल्या एका शनिवारी गावच्या बंबखान्यात अशा जुन्या पाकिटांचं प्रदर्शन आणि विक्री असायची. बंब बाहेर उभे करायचे आणि आत टेबलं मांडायची. कोपऱ्यात चर्चच्या बायका रुबार्बच्या आंबटगोड देठांची पेस्ट्री आणि कॉफी विकायच्या. ऑर्व्हिल दरवर्षीप्रमाणे दार उघडायच्या आधी अर्धा तास हजर होता, आणि दरवर्षीप्रमाणे जवळचं वाचायचा चष्मा घरी विसरला होता.

मर्ल फॅन्कहाउझर नावाच्या जाड्या व्यापाऱ्याच्या टेबलावर बुटाच्या खोक्यांत पाकिटं उभी लावलेली होती. तिसऱ्या खोक्यात ऑर्व्हिलचं बोट थांबलं. होम बेसवर घसरत येणारा खेळाडू, धुळीचा लोट, आणि त्या लोटातून बाहेर आलेले हे एवढाले बूट.

"हे कुठलं रे, मर्ल?"

"बेलफर्डकडे एक म्हातारा वारला, त्याच्या घरच्या लिलावात खोकं उचललं. तिथल्याच टीमचा कॅचर होता म्हणे, फलंदाजाच्या मागे चेंडू झेलणारा. मैदानात पहिल्यांदा दिवे लागले त्या दिवसाचा शिक्का आहे. पण पत्ता घातलाय, बघ. पेन्सिलीचा. म्हणून नऊ."

ऑर्व्हिलने पाकीट हातभर लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. उजव्या बाजूला करड्या रंगाच्या काही फिकट ओळी दिसत होत्या, एवढंच.

"चष्मा यंदाही घरीच ना?" मर्ल म्हणाला. "अरे, पेन्सिलच आहे. हलक्या हाताने खोडलंस की वीसचं पाकीट झालं. हे तुला मी शिकवायचं?"

ते खरंच होतं. या मंडळींत पत्ता पेन्सिलीने घालतात तो पुढे खोडता यावा म्हणूनच, आणि खोडावा तर ऑर्व्हिल स्टाउटने. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्यासारखा हात नव्हता. त्याने नऊ डॉलर दिले, पेस्ट्रीचा एक तुकडा खाल्ला आणि पंधरावं पाकीट मिळाल्याच्या आनंदात शीळ घालत घरी आला.

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने स्वच्छ टॉवेल अंथरला. पिठाच्या गोळ्यासारखा मऊ खोडरबर बोटांत मळून घेतला. कागदाला रेटायचं नाही, नुसतं टिपत जायचं, आणि खालून वर यायचं म्हणजे हात पुसल्या जागेवर फिरत नाही. ही त्याची पद्धत. चष्मा शोधायचा त्याने कंटाळा केला, बोटांना काम पाठ होतं. सर्वांत खालची ओळ गेली. मधली ओळ गेली. अशी गेली की तिथे कधी काही होतं हे टपालखात्यालाही सांगता आलं नसतं. वरची ओळ जरा दाबून लिहिलेली वाटली, म्हणून किती खोल आहे ते बघायला त्याने भिंग उचललं.

मिस ओपल स्टाउट.

ऑर्व्हिलच्या हातातला रबर टेबलाखाली पडला. तो वाकून उचलायलाही विसरला. त्याने पुन्हा वाचलं. अक्षर डावीकडे झुकलेलं, लाइल डावखुरा होता. मग शिक्का बघितला. बेलफर्ड, एकोणीस जुलै. बस उलटायच्या पाच दिवस आधीचा.

"अरे गाढवा," तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. "अरे महामूर्खा, आधी वाचायचं नाही का रे!"

एक्कावन्न वर्षं जिने एका ओळीची वाट बघितली, तिला आलेल्या तीन ओळींतल्या दोन त्याने आपल्या हाताने टिपून घेतल्या होत्या. त्याने टेबलावरचा दिवा आडवा केला आणि उजेड कागदावर तिरपा पाडला. लाइलचा हात जड होता. पेन्सिल गेली होती, पण तिची चरी राहिली होती, आणि तिरप्या उजेडात ती वाचता येत होती. चारशे अठरा, मलबेरी स्ट्रीट. खाली गावाचं नाव.

जुन्या पेन्सिलींचा डबा कपाटात होता. त्या चरींतून टोक फिरवलं असतं तर पाच मिनिटांचं काम, आणि ओपलच काय, मर्लच्या बापालाही कळलं नसतं. ऑर्व्हिलने डबा काढला, उघडलासुद्धा. पण पाकिटावर आपला हात चालवून ते जुनं म्हणून पुढे करणाऱ्या माणसाला त्याने एकदा बंबखान्यातल्या प्रदर्शनातून हाकलून लावलं होतं. आणि इथे तर लाइलचं अक्षर म्हणून तो स्वतःचं अक्षर ओपलला देणार होता. त्याने डबा बंद केला. त्याला स्वतःची फार लाज वाटत होती.

रविवारी चर्चनंतर जेवण ओपलकडे, हे ठरलेलं. कुस्करलेल्या बटाट्यावर कोंबडी आणि नूडल्स. ऑर्व्हिल ताटात चमचा नुसता फिरवत बसला.

"आजारी आहेस की काही फोडून आलायस?" ओपलने विचारलं. "लहानपणी असाच बसायचास, काच फोडलीस की."

त्याने कोटाच्या खिशातून पुठ्ठ्यात ठेवलेलं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. कसं सांगायचं हे त्याने गाडीत तीनदा घोकलं होतं, पण तोंड उघडायच्या आधीच ती वाचून मोकळी झाली. तिने चित्राकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं, शिक्का दोनदा पाहिला. मग हातरुमाल शोधायला लागली, तो समोरच होता.

"एकोणीस जुलै," ती म्हणाली. "ऑर्व्ही, हे मरायच्या आधीचं आहे."

"पाच दिवस आधीचं."

"आणि नुसतं माझं नाव. पत्ता नाही, काही नाही." तिचा चेहरा इतका उजळला की ऑर्व्हिलला तिकडे बघवेना. "म्हणजे पेटीत टाकायचं नव्हतंच त्याला! तूच सांगतोस ना नेहमी, चांगलं पाकीट तुम्ही लोक टपालात टाकत नाही, मळतं म्हणून? खिडकीवर शिक्का मारून परत हातात घेता? तो हातात द्यायला येणार होता रे. माझ्या दारात येणार होता."

आता गप्प बसला असता तर सगळं छान झालं असतं. म्हातारीला जन्मभराचं समाधान मिळालं होतं, ताटं गरम होती, आणि खरं कुणाला ठाऊक नव्हतं. ऑर्व्हिलने पाण्याचा घोट घेतला. तो गप्प बसला असता तर पुढच्या कुठल्याच रविवारी त्याला या टेबलावर जेवता आलं नसतं.

"ओपल, पत्ता होता."

"कुठे होता?"

"खाली. दोन ओळी. मी खोडल्या."

"खोडल्या म्हणजे?"

"चष्मा नव्हता. वाचलं नाही. तुझं नाव दिसलं तेव्हा थांबलो. पत्ता असला की पाकिटाची किंमत…"

ओपल उठली. ताट उचलून तिने ते मोरीत असं ठेवलं की चमचा खाली उडाला.

"पाहुण्याची खोली भरून कागद आहेत तुझ्याकडे," ती म्हणाली. "कुणाकुणाच्या आयाबहिणींची नावं पुसलीस रे आजवर? कोरं, कोरं! कोरं हवंय याला! त्या पोराने हाताने लिहिलं होतं, ऑर्व्ही! माझ्यासाठी लिहिलं होतं! आणि पत्ता घालून, शिक्का मारून, ते त्याने टाकलं नाही. तेवढंही त्याच्या मनात आलं नाही." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "मला आता हेही कळलं. फार उपकार झाले."

"का टाकलं नाही ते मला नाही माहीत," ऑर्व्हिल म्हणाला. "खोटं सांगून तुझी समजूत काढणार नाही. त्यांच्या टीमचा कॅचर परवा वारला, त्याच्या खोक्यात सापडलं. पाच दिवसांत काय ठरवणार होता, कुणास ठाऊक."

ऑर्व्हिलने टोपी घातली. दारापर्यंत पोचला तेव्हा ती मागे न वळता म्हणाली, "काय होता?"

"काय?"

"पत्ता. एवढं खोडलंस, काय होता ते तरी सांगशील?"

"आपलाच होता. चरी उरल्यात, त्यातून वाचला मी. चारशे अठरा, मलबेरी स्ट्रीट."

ओपल वळली.

"पुन्हा सांग."

"चारशे अठरा, मलबेरी. आपलं ते छोटं घर नाही का, पिवळ्या दाराचं…"

"वाइन स्ट्रीट नाही? नीट आठव, गाढवा. वाइन स्ट्रीट नव्हतं लिहिलेलं?"

"मलबेरी. भिंगातून वाचलंय."

ती खुर्चीवर बसली. हात टेबलावर सपाट ठेवले.

"तो गेला तेव्हा आपण वाइन स्ट्रीटला होतो," ती म्हणाली. "त्याचा पगार बंद झाला, भाडं झेपेना, म्हणून मी जूनमध्ये तुला घेऊन मलबेरीला आले. रागाच्या भरात मी त्याला कळवलं नाही. एका अक्षराने कळवलं नाही, ऑर्व्ही. म्हटलं, येऊ दे, आणि बंद दार बघून परत जाऊ दे."

ऑर्व्हिल अकरा वर्षांचा होता. घर बदललेलं त्याला आठवत होतं, महिना आठवत नव्हता.

"मग त्याला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"तेच म्हणतेय मी. कुणाला तरी विचारलं असेल त्याने. कारखान्यातल्या कुणाला पत्र टाकलं असेल, फोन केला असेल. पैसे खर्चून. गल्लीचं नाव विचारलं, घराचा नंबर विचारला." तिने पाकीट जवळ ओढलं. "मी त्याला म्हटलं होतं, या दारात तोंड दाखवू नकोस. आणि मी दार बदललं तर तो ते शोधत बसला."

तिने डोळे पुसले आणि पाकीट ऑर्व्हिलपुढे सरकवलं.

"तो दिवा आण इकडे. तू वाचू नकोस. मला दाखव."

ऑर्व्हिलने टोपी पुन्हा काढून ठेवली, कोपऱ्यातला दिवा उचलून आणला आणि टेबलावर आडवा धरला. उजेड कागदावर तिरपा पडला. ओपलने चष्मा नाकावर सारखा केला आणि वाकून, शाळेतल्या पोरीसारखं अक्षराखाली बोट धरून, सावकाश मोठ्याने वाचलं, "चारशे अठरा."