खापरातलं मीठ

परीक्षानळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं. मार्गदर्शक सरांनी रुपेशची पाठ थोपटली. पांढरं झालं म्हणजे खापरात मीठ! दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून ओलं मीठ वर यायचं आणि जुन्नर भागात मडक्यांत आटवून सुकवलं जायचं, हा सरांचा लाडका सिद्धांत. पुरावा तेवढा मिळत नव्हता. तो रुपेशने आणला, बेल्ह्याजवळच्या आपल्या गावातून. चुलत्याच्या जुन्या घराची जमीन उकरताना तिच्याखालच्या कोरड्या खड्ड्यात ही खापरं निघाली होती.

त्यांत चार तुकडे खरोखरच प्राचीन होते. मग सगळेच प्राचीन, असं सरांनी ठरवून टाकलं. रुपेशला मात्र एक गोष्ट खटकत होती. मिठाबरोबर चरबीही निघत होती.

"दिवे लावत असतील," सर म्हणाले. मोठ्या माणसांना उत्तरं कशी पटापट सुचतात!

दिवाळीच्या सुट्टीत त्याने दोन तुकडे आजीपुढे ठेवले. कोंडाबाईने ते उलटेपालटे करून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"ही कशापायी उकरली रं? छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिशी आमीच फोडून पुरली व्हती. गावातलं जनावर मेलं की आमीच वढून न्यायचं. त्याचं मांस मीठ लावून ह्यात ठिवायचं. पोटाला दुसरं व्हतं काय?" तिने तुकडे पदराने पुसून परत त्याच्या हातात दिले. मग म्हणाली, "तुझ्या सायबाला सांग. ही आमची हायेत म्हनावं."

"सांगतो," रुपेश म्हणाला.

पण सांगायचं म्हणजे साऱ्या विभागासमोर सांगायचं. तिथे त्याच्या शेजारी बसून डबा खाणाऱ्यांना तो कोण हे अजून ठाऊक नव्हतं. शिवाय पीएचडी त्याच खापरांवर उभी होती. रोज सकाळी तो सांगायचं ठरवायचा, आणि सर दिसले की भलतंच काही विचारून परत फिरायचा. असं करत करत प्रबंध मंजूर झाला.

पुढच्या वर्षी जुन्नरला प्रदर्शन भरलं. लाल मखमलीवर खापरं मांडली होती. रुपेशच्या गावचा माजी सरपंच सयाजी याने त्यांना हार घातला आणि 'आपल्या थोर पूर्वजांचा वारसा' यावर अर्धा तास भाषण ठोकलं. मग रुपेशचा सत्कार झाला. टाळ्या पडल्या. नातवाचं कौतुक बघायला कोंडाबाई नवं लुगडं नेसून आली होती. ती टेबलाशी गेली आणि तिने एक खापर उचललं.

"ओ म्हातारे, हात लावू नको!" सयाजी ओरडला. "लई मोलाची हायेत ती."

कोंडाबाईने खापर खाली ठेवलं नाही. तिने रुपेशकडे पाहिलं.

"सांगितलं न्हाईस व्हय तू?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. सरही. रुपेश पुढे झाला, त्याने आजीच्या बोटांतून ते खापर सोडवून घेतलं आणि मखमलीवर नीट ठेवलं.

"माफ करा," तो सयाजीला म्हणाला, "अडाणी आहे ती. तिला यातलं काही कळत नाही."