सदर त्रास त्वरित दूर करावा

मी एक तक्रारपेटी बोलतेय. हसू नका. आयुष्यभर तुमची कुरकुर पोटात ठेवली, आता चार शब्द माझेही ऐका.

माझा जन्म तसा थोर घराण्यातला. तेव्हा देशावर एका सरसेनापतींचं राज्य होतं. मिशा भरघोस, आवाज दणदणीत, उंची मात्र बेताची. माइकपर्यंत तोंड पोचायचं नाही, म्हणून भाषणाच्या वेळी त्यांच्या पायाखाली एक पोकळ लाकडी ठोकळा लागायचा. तो ठोकळा म्हणजे मी. पुढे लोकांचा संयम सुटला आणि सगळे रस्त्यावर आले. सरसेनापती इतक्या घाईत पळाले की मला न्यायचंसुद्धा विसरले. मी काही रडले नाही.

लोक मला जाळायलाच निघाले होते. गावातले सुतारकाका आडवे आले. "अरे, लाकडाचा काय दोष? मला द्या," म्हणाले. त्यांनी मला तासलं, एका अंगाला फट पाडली, दुसऱ्या अंगाला छोटं दार बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. किल्ली मिळाली अक्काला. अक्का म्हणजे तिथली नवी कारकून. पोरसवदा होती, पण आवाज खणखणीत.

आमच्या कार्यालयाची एक रीत पडली. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता अक्का मला उघडायची आणि आतले फॉर्म पायऱ्यांवर जमलेल्या लोकांसमोर मोठ्याने वाचायची. साहेबांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. फॉर्म छापील होता. वर 'त्रासाचे स्वरूप', खाली 'किती दिवसांपासून', आणि शेवटी ठळक अक्षरांत 'सदर त्रास त्वरित दूर करावा, ही विनंती.'

पहिला फॉर्म टाकला शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. त्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या गल्लीत पाणी येत नाही. हे सांगायला इतकी वर्षं भीती वाटायची. आता वाटत नाही.' अक्काने ते खणखणीत वाचलं, आणि चौथ्या दिवशी गल्लीत पाणी आलं. त्या दिवशी मला माझ्या फटीचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग तीस वर्षं नुसती धमाल. एका गृहस्थांनी लिहिलं, 'पाणी येते तेव्हाच बायको माहेरी जाते.' दुसऱ्याने शेजाऱ्याच्या घोरण्याबद्दल लिहिलं. साहेब म्हणाले, हे आमच्या खात्यात येत नाही. लोक म्हणाले, मग कोणाच्या येतं ते शोधा! भांडणं व्हायची, आवाज चढायचे, मग सगळे मिळून चहा प्यायचे.

पण माणसाला सुख फार दिवस मानवत नाही. पायऱ्यांवरची गर्दी विरळ झाली. "रोज काय तेच रडगाणं," असं म्हणत लोक समोरून निघून जायचे. शेवटी शेवटी अक्का मला आणि एका पेंगणाऱ्या मांजरालाच फॉर्म वाचून दाखवायची. नेमका तेव्हाच सरसेनापतींचा पुतण्या हात जोडून मतं मागायला आला. "तुमची कटकट कायमची मिटवतो," म्हणाला. लोकांनी खुशाल निवडून दिला. बंदूक नाही की रणगाडा नाही, रांगेत उभं राहून, शाई लावून. असे कसे हो तुम्ही?

पुतण्याने स्वतःला 'परमपालक' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पुढची निवडणूक आधी लांबली, मग राहूनच गेली. एके दिवशी रंगारी आला आणि त्याने माझ्या अंगावरचं 'तक्रारपेटी' पुसून 'कृतज्ञतापेटी' लिहिलं. शुक्रवारचं वाचन बंद झालं आणि हुकूम निघाला की प्रत्येकाने रोज एक आभारपत्र टाकायचं, नाव आणि सहीसकट.

आता आमच्या कार्यालयाचा एक जुना नियम होता. छापील साठा संपल्याशिवाय नवा छापायचा नाही. आणि तक्रारीचे फॉर्म तर गठ्ठ्यांनी शिल्लक. अक्का तेच वाटत राहिली. मुद्दाम केलं का? छे हो! तीस वर्षं हाताला तीच सवय. लोकही मान खाली घालून वरच्या ओळीत आभार कोणाचे ते आणि खालच्या ओळीत कधीपासून ते भरत राहिले. छापलेलं कोण वाचतं?

मी वाचत होते. पोटात गुदगुल्या होत होत्या, पण सांगणार कोणाला!

शेवटी राजधानीतून निरीक्षक आले, सोबत कॅमेरेवाले घेऊन. हुकमाने सगळं गाव पायऱ्यांवर बसवलेलं. निरीक्षकांनीही सगळ्यांदेखत एक फॉर्म भरून टाकला. मग अक्काला म्हणाले, "बाई, वरपासून खालपर्यंत सगळं वाचायचं. एक शब्द गाळलात तर उद्यापासून घरी बसा."

अक्काची आई अंथरुणाला खिळलेली, घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. तिने वरचाच फॉर्म उचलला आणि वाचायला लागली.

"त्रासाचे स्वरूप," ती म्हणाली आणि थबकली. "माननीय परमपालक."

"वाचा!" निरीक्षक ओरडले.

"किती दिवसांपासून: माझ्या जन्मापासून, अखंड. सदर त्रास त्वरित दूर करावा, ही विनंती."

पायऱ्यांवर कोणीतरी फुस्स केलं. त्या शिवणाऱ्या बाई होत्या. तोंडात पदर कोंबलेला, पण खांदे गदगदा हलत होते. मग त्यांच्या शेजारचा, मग मागचा, आणि बघता बघता सगळं गाव पोट धरून हसायला लागलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. कॅमेरेवाल्याचा कॅमेराही हलत होता.

"कोणाचा आहे हा फॉर्म? सही वाचा!" निरीक्षक लालबुंद झाले.

"साहेब, आपलीच आहे," अक्का हळूच म्हणाली.

आता आली का पंचाईत! शिक्षा करायची तर पहिली निरीक्षकांना. म्हणून चौकशी समितीने निकाल दिला की सगळा दोष पेटीचा. मला दोरीने बांधून, लाखेचं सील ठोकून राजधानीत नेलं. अक्काची नोकरी वाचली, पण कार्यालय सुटलं. तिची बदली सभामैदानावर झाली, खुर्च्या पुसायला.

आणि आता हसू नका हं. परमपालकांची उंचीही सरसेनापतींवर गेलेली. गावात त्यांची सभा ठरली आणि त्यांना ठोकळा हवा झाला. सुतारकाकांना राजधानीत बोलावणं आलं. काका आता म्हातारे झालेत, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी जप्त मालात मला बघितलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुटपुटले, "चल पोरी, पुन्हा जुन्या कामाला." मला आडवं करून वर गालिचा ठोकला. फट मात्र बुजवली नाही, पुढच्या अंगाला परमपालकांच्या बुटांखाली ठेवली. मागचं दार आणि कुलूपही तसंच.

तेव्हापासून मी पुन्हा गावात, सभामैदानावर आहे. दर महिन्याला सभा असते. ते माझ्यावर चढतात, मी मुद्दाम करकरते. भाषण संपलं की लोकांनी रांगेने येऊन त्यांच्या पायांशी वाकायचं, असा हुकूम आहे. परमपालक खूश आहेत. लोक हल्ली फार खाली वाकतात म्हणे, आणि फार वेळ वाकतात!

किल्ली अजून अक्काच्या गळ्यात आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता, मैदान रिकामं असताना, ती खुर्च्या पुसायचं फडकं घेऊन येते. काका जवळच कुठेतरी उगाच खिळा ठोकत बसतात. मागच्या शुक्रवारी तिने दार उघडलं तेव्हा वरचाच फॉर्म शिवणाऱ्या बाईंचा निघाला, तोच जुना छापील. अक्काने इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचला.

"आमच्या गल्लीत पाणी येत नाही. हे सांगायला पुन्हा भीती वाटते. तरी सांगतेय."