उभ्या थराचा दगड

धाकट्याने थोरल्या भावास आणि वहिनीस परदेशी बोलावून घेतले, तेव्हा साऱ्या आळीने थोरल्याचे अभिनंदन केले. थोरल्याने ते हसतमुखाने स्वीकारले खरे, परंतु त्याच्या अंतःकरणात त्याच दिवशी एक खडा शिरला. अभिनंदन त्याचे होते आणि कौतुक मात्र धाकट्याचे. "केवढ्या पुरातन मंदिराच्या कामावर आहे म्हणे तुमचा भाऊ! नशीब काढलं!" असे जो तो म्हणे, आणि थोरला मान डोलावी. त्या नशीबवानाच्या हाती पहिली छिन्नी कोणी दिली, हे विचारण्याची बुद्धी एकालाही झाली नाही.

वास्तविक दोघेही पाथरवट. वडील थकल्यावर थोरल्यानेच धाकट्याला जवळ बसवून काम शिकवले होते. हातोडा कसा धरावा, कोन तपासण्यास गुण्या कसा लावावा, टवका कसा काढावा, सारे काही. पुढे धाकट्याच्या हातातून नक्षी अशी उतरू लागली की गिऱ्हाइके दारात येऊन थोरल्यालाच विचारीत, "धाकटे आहेत का घरात?" तेव्हापासून थोरल्याच्या पोटात जे दुखू लागले, ते तीन वर्षांपूर्वी धाकटा परदेशी गेला तरी थांबले नव्हते.

म्हणून विमानात बसतानाच थोरल्याने मनाशी एक गोष्ट नक्की केली होती. ज्या ठिकाणी धाकट्याला मान आहे, त्याच ठिकाणी, त्याच्या वरिष्ठांसमोर, त्याच्याच तोंडून एक वाक्य निघाले पाहिजे: "मला काम शिकवलं ते यांनी." एवढे एक वाक्य कानावर पडले की आपण सुखाने परत जाऊ, असे त्याला मनापासून वाटत होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघेजण शहरातील जुनी प्रार्थनामंदिरे पाहण्यास निघाले. पहिले मंदिर लहान व काळोखे होते. दारावरच्या पहारेकऱ्याने धाकट्यास पाहताच हात वर केला, आणि धाकट्याने त्या परक्या भाषेत काहीतरी बोलून त्याला हसवले. थोरल्याला तो विनोद कळला नाही; आणि न कळलेला विनोद माणसास फार टोचतो. तो आत शिरला तो भिंतीकडे एक डोळा मिटून पाहतच.

"ही भिंत ओळंब्यात नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "चांगली चार बोटं बाहेर गेलीय."

"अहो, सातशे वर्षं उभी आहे ना ती?" वहिनी म्हणाली. "मग राहू द्या की वाकडी. आपण काय सोयरीक जुळवायला आलोय तिच्याशी?"

धाकटा खळखळून हसला. "वहिनी, दादाचं बरोबर आहे हं. पायाखालची माती एका अंगानं खचलीय. दोनशे वर्षांमागं बाहेरून टेकू दिलेत, दाखवतो चला."

म्हणजे जी चूक थोरल्याने स्वतः शोधून काढली, तीही धाकट्याला अगोदरच ठाऊक होती. थोरला ते टेकू पाहण्यास गेला नाही. बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने तो एका बाकावर बसून राहिला आणि बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

दुसरे मंदिर घुमटाचे होते. वर पाहता पाहता वहिनीची मान अवघडली, तेव्हा धाकट्याने आपले जाकीट गुंडाळून बाकावर उशीसारखे ठेवले आणि म्हणाला, "आडव्या व्हा वहिनी, इथं चालतं." वहिनी खरोखरीच आडवी झाली. धाकटा तिला कोठला दगड कोठल्या डोंगरातून आला, घुमटाचा भार कोणत्या खांबांवर कसा उतरतो, हे समजावून सांगू लागला. शेजारचे एक वृद्ध जोडपेही थांबून ऐकू लागले. धाकट्याने त्यांनाही त्यांच्या भाषेत सांगितले.

"एवढं सगळं तुला कोणी सांगितलं रे?" थोरल्याने विचारले.

"कोण सांगणार? वाचलं. इथं ग्रंथालय फुकट असतं दादा."

"भाऊजी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक झालेत," आडव्या वहिनीने घुमटाकडे पाहत शेरा मारला. "नाहीतर आमचे हे! लग्नाला सव्वीस वर्षं झाली, दगड सोडून दुसरा विषय नाही. आणि दगडाबद्दलसुद्धा कधी काही सांगितलं नाही."

थोरल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. सव्वीस वर्षांत तिने कधी विचारले होते काय? आणि आज ती परक्या देशात बाकावर निजून धाकट्याला विचारीत होती, "मग भाऊजी, तो मधला दगड शेवटी बसवतात का हो?" हे थोरल्यालाही सांगता आले असते. उत्तर त्याच्या ओठांवर आले होते. परंतु धाकटा आधी बोलला.

दुपारी ते तिसऱ्या मंदिराशी पोहोचले. हेच ते विशाल मंदिर, ज्याच्या जीर्णोद्धारावर धाकटा कामास होता. एका अंगाला परांची बांधलेली होती, आणि तिच्या पायथ्याशी धुळीने माखलेले बूट घालून पन्नाशीची एक उंच बाई कागद पाहत उभी होती.

"या आमच्या मुकादम," धाकटा हळूच म्हणाला. "सुट्टीच्या दिवशीही आल्याशिवाय यांना चैन पडत नाही."

"बाई मुकादम?" वहिनीचे डोळे चमकले. "बघा, इथं दगडसुद्धा बाईचं ऐकतात!"

थोरल्याने सदरा खाली ओढून नीट केला. ज्या क्षणासाठी तो आला होता तो हाच होता. धाकटा मुकादमबाईंशी बोलला. ते बोलणे फारच आखूड होते. बाईंनी हसून दोघांशी हस्तांदोलन केले आणि त्या पुन्हा कागदांत शिरल्या.

"काय सांगितलंस?" थोरल्याने विचारले.

"हे माझे थोरले भाऊ, या वहिनी, फिरायला आलेत म्हणून."

"एवढंच?"

"आणखी काय सांगायचं?" धाकट्याने निष्कपटपणे विचारले. "चल, माझा दगड दाखवतो. इथं आल्यावर पहिल्या वर्षी घडवलेला."

बाजूच्या दरवाजाच्या चौकटीत, छातीइतक्या उंचीवर, तो दगड बसवलेला होता. पिवळसर, मऊ जातीचा दगड. त्यावर एक वेल वर चढत गेली होती, आणि एका पानाआड एक पाखरू असे बसले होते की आपण जवळ गेलो तर ते उडेल. थोरला पाहतच राहिला. पानाची कड एके ठिकाणी किंचित दुमडलेली होती. त्याला कामाची पारख होती, आणि ती पारखच त्याच्या दुःखाचे कारण झाली. असे पान आपल्या हातून जन्मात उतरणार नाही, हे त्याला ज्या स्पष्टतेने कळले, त्या स्पष्टतेने ते आळीतल्या कोणासही कळले नसते.

मग तो खोट शोधू लागला. सांधा पाहिला, सांधा सुरेख होता. कोन पाहिले, कोन बरोबर होते. शेवटी त्याने जे कोणताही जुना पाथरवट सवयीने करतो तेच केले. अंगठा जिभेला लावला आणि दगडाच्या कोऱ्या भागावर ओला फराटा ओढला.

"अहो!" वहिनी ओरडली. "देवाच्या दाराला थुंकी लावताय? लाज आणता बाई चारचौघांत!"

परंतु थोरल्याला ऐकू आले नाही. ओल्या फराट्यात केसासारख्या बारीक रेषा उमटल्या होत्या, आणि त्या आडव्या असण्याऐवजी उभ्या होत्या. थरांचा दगड खाणीत जसा निजलेला असतो तसाच भिंतीत निजवावा लागतो. उभा केला तर थरांत पाणी शिरते आणि काही वर्षांत वहीच्या पानांसारखे पदर सुटू लागतात. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा पदर सुटलाही होता.

थोरल्याला आनंद झाला. सकाळपासून प्रथमच त्याला खरा, भरपूर आनंद झाला.

"उभा बसवलास!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की मुकादमबाईंनी मागे वळून पाहिले. "दगड उभा बसवलास तू! हा बघ थर! दहा वर्षांत तुझं पाखरू गळून पडेल खाली!"

त्याने दगडावर बोट ठेवून बाईंनाही खुणेने बोलावले. भाषेची गरज पडली नाही. बाईंनी बाटलीतले पाणी ओतून दगड पुसला, खाली वाकून त्या रेषा पाहिल्या, सुटलेला पदर पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या धाकट्याला काही विचारू लागल्या. धाकट्याचे कान लाल झाले. तो प्रथम अडखळला, मग थोरल्याकडे हात करून सावकाश, पुष्कळ वेळ बोलला. ते ऐकून बाईंनी थोरल्यासमोर येऊन छातीवर हात ठेवला आणि आदराने मान लववली. नंतर दगडावर खडूची फुली मारून त्या परांचीकडे गेल्या.

"काय म्हणाल्या?" थोरल्याने विचारले.

"दगड काढावा लागेल. नवा घडवायचा." धाकटा खडूच्या फुलीकडे पाहत होता. "त्यांनी विचारलं, एवढी साधी गोष्ट तुला कोणी शिकवली नव्हती का? मी म्हटलं, हे माझे गुरू. सगळं यांनीच शिकवलं. हेही शिकवलं असेल, माझंच ध्यान नसेल." तो ओशाळून हसला. "खाणीतून प्रत्येक दगडावर वरची बाजू दाखवणारा एक बाण येतो, दादा. सगळे तसाच बसवतात म्हणून मीही बसवायचो. का, ते कधी विचारलं नाही. विचारलं तर अडाणी ठरेन असं वाटलं. या एकाचा बाण घडवताना उडाला, आणि वेल उभी छान दिसेल म्हणून मी दगड फिरवला."

थोरल्याला जे वाक्य हवे होते ते त्या देशातच, वरिष्ठांसमोरच उच्चारले गेले होते. परंतु ते वाक्य खोटे होते, आणि ते खोटे आहे हे जगात एकट्या थोरल्याला ठाऊक होते. आपल्या मुलखातला दगड काळा आणि बिनथराचा. थरांच्या दगडाची विद्या वडील तरुणपणी दूरच्या खाणीवर शिकले होते. एकदा दोघे पायी जात असता त्यांनी ती थोरल्याला सांगितली, आणि "धाकट्यालाही सांग" असे बजावले. त्याच आठवड्यात गिऱ्हाइके दारात येऊन धाकट्याला विचारू लागली होती. थोरल्याने ती गोष्ट हातची राखली.

गप्प बसणे सोपे होते. परंतु धाकट्याचे ते ओशाळे हसणे त्याच्याने पाहवेना.

"तुझं ध्यान होतं," तो म्हणाला. "मी सांगितलंच नाही."

"विसरलास?"

"नाही."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू गेले. मग तो पायरीवर बसला आणि थोरल्याकडे न पाहता म्हणाला, "आणखी काय काय राखलंयस?"

"दोन गोष्टी," थोरला म्हणाला.

"सांग."

"सांगा," वहिनीही म्हणाली, आणि तिचा आवाज सकाळसारखा थट्टेचा नव्हता. "मलाही ऐकू द्या एकदा."

थोरला पायरीवर बसला आणि सांगू लागला. तापवलेल्या छिन्नीला पाणी कधी द्यावे. तिच्या धारेवर रंग चढत येतात, त्यांतला वाळल्या गवताचा रंग आला की क्षणाचाही विलंब न लावता बुडवावी. दगडाच्या पोटातली चीर आवाजावरून कशी ओळखावी. हातोडा कोठे मारावा आणि कान कोठे लावावा. धाकटा अर्धे वाक्य ऐके आणि उरलेले स्वतः पुरे करी. थोरल्याला वाटे की आपण ओंजळीतले पाणी दुसऱ्याच्या घड्यात ओतीत आहोत, आणि घडा मात्र अगोदरच गळ्यापर्यंत भरलेला आहे. तरीही तो सांगत राहिला, काहीही मागे न ठेवता.

सारे सांगून झाल्यावर धाकटा दरवाजावरच्या कमानीकडे पाहू लागला. "दादा, भिंतीत आडवा निजवायचा, हे कळलं. पण कमानीत? तिथं तर प्रत्येक दगड तिरका. तिथं थर कुठल्या अंगाला ठेवायचा?"

थोरल्याने वर पाहिले. तीस वर्षे ती विद्या त्याने कोणाचा हात लागू न देता सांभाळली होती, आणि तीस वर्षांत हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

"वडिलांनी सांगितलं नाही," तो म्हणाला. मग त्याला वाटले की हेही पुरेसे खरे नाही. "मी विचारलं नाही."

धाकटा हवेत बोटाने कमान काढून पाहू लागला. भार कोठून येतो आणि कोठे जातो, ते पुटपुटू लागला. उत्तर त्याला थोड्याच वेळात सापडणार, हे थोरल्याला त्याच्या कपाळावरूनच दिसत होते, आणि पोटातले ते जुने दुखणे पुन्हा जागे झाले.

"कळलं की मला सांग," थोरला म्हणाला. एवढे शब्द बाहेर काढताना त्याला फार कष्ट पडले.