सिरक्यातला आंबटपना कोनं पेला

पार्वताबाईचा उसाचा सिरका म्हंजे अख्ख्या जुन्या शहरात नाव. मागं एक थेंब सांडला तं फरशीले भोक पडलं अन् खालून मोर्णा नदी दिसे. मी डोयानं पाह्यलं!

यंदा तिनं बाटली देल्ली. मी मिरच्या टाकाले बरणीत ओतला, तं असा फसफसला जसी नागीन. मले वाटलं, जबर हाय! पन आठ दिवसात मिरच्यायवर बुरा आला. सिरका चाखला, तं निरा फिक्का.

मी नळावर साऱ्या बायांत बोल्ली, "पार्वते, पानी घालून राहिली तू."

तिनं घागर दनकन ठेवली. "तुही नात अमरावतीले रसायनाचं शिकते ना? घे तपासून. माहा सिरका खरा निघाला तं याच नळावर सांगजो. नाई तं आजपासून बोलजो नको."

बरणीतला सिरका अन् बाटलीत उरलेला, दोनी घेऊन मी एसटीत बसली. बाटल्या मांडीवरून हालू देल्ल्या नाई. शेजारचा बुढा सारखा पाहे. पार्वतीचा मानूस असन!

कॉलेजात माह्या नातीनं, अपेक्षानं, बाटलीतला सिरका मोजून चंबूत घेतला, वरून बिनरंगाच्या औषधाचे दोन थेंब.

"हे काय टाकलं वं?"

"आजी, यानं रंग येते. वरच्या नळीत सोड्याचं पानी हाय, ते आंबटपना मारते. आंबट जितकं जास्त, तितकं सोड्याचं पानी जास्त लागते."

मी चंबूवरून नजर काढली नाई. पोरगी पार्वतीच्या हातची भजी खाऊन मोठी झाली, तिचा काय भरोसा? थेंब पडे, गुलाबी होये, हालवलं का जाये. लय पानी गेलं तवा कुठं फिक्का गुलाबी रंग टिकला.

मंग बरणीतला घेतला, तितकाच. नळी अर्धी बी उतरली नाई, का झाला गुलाबी.

"पाह्य! पानी घातलं का नाई?"

"आजी, दोनी एकाच बाटलीतले ना? बाटलीतला तं जबर हाय. बरणीतच कमी झाला. बरणी कायनं घासली?"

"चुलीतल्या पऱ्हाटीच्या राखीनं. लोनच्याच्या बरणीले कोनी पानी लावते का? राख भरून ठेवली होती, झटकून टाकली."

"बुडाशी राहिली असन. राख बी सोड्यासारखीच. म्हनूनच फसफसलं."

येताना एसटीत मी बाटल्या पिशवीत घातल्या. कोनी पाहे नाई.

दुसऱ्या दिवशी नळावर गेली. पार्वताबाई होतीच. साऱ्या बाया बी होत्या.

"बायाहो," मी म्हटलं, "पार्वतीचा सिरका खरा, मशीननं सांगतलं. माह्या बरणीत भूत शिरलं, त्यानं आंबटपना पेला."

पार्वतीनं मले वरून खालवर पाह्यलं. "ओतताना फसफसलं होतं का?"

"हो वं, लय."

"तं भूत तुह्याच चुलीतलं हाय, माय. त्याले पुसून काढत जा."

बाया हासल्या. पार्वतीनं आपली घागर बाजूले केली अन् माही नळाखाली ठेवली.