जोडे घातलेली अक्षरं

“थोरलीला दाटीत बसवू नकोस गं, जीव गुदमरतो तिचा.”

आत्याचा छापखान्यातला हा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा सात वर्षांची. थोरली म्हणजे बाईमाणूस नव्हे, लाकडी टाईप, जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांचा संच. अंगानं भरदार, पोटात कोरलेली नाजूक वेल, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला रुंद पाऊल. जाणकार त्याला सेरिफ म्हणतात. आम्ही म्हणायचो, थोरलीनं जोडे घातलेत. नाटकाची जाहिरात असो, नव्या दुकानाचं उद्घाटन असो, तिला बोलवावं. पण दोन शब्दांपुरतंच. तिसऱ्या शब्दाला ती भांडायला उठते. आत्या खिळे, म्हणजे शिशाची बारीक अक्षरं, जुळवताना गुणगुणायची:

थोरली गं उभी दारी, हाका मारी जाणाऱ्याला
धाकट्या गं घरातल्या, गोष्ट सांगती बसल्याला

शहरभर या टाईपचं नाव ‘दादांची थोरली’. दादा म्हणजे माझे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक. छापायचं अक्षर लाकडावर आरशात दिसतं तसं उलटं काढावं लागतं. आत्या डावखुरी, उलटं अक्षर तिच्या हातून असं उतरायचं, जसं पाणी उतारावरून. दादा मग पटाशीनं कोरायचे. पहिली जाहिरात लागली आणि लोक कौतुकाला आले, त्या दिवशी आत्या तापानं पडलेली. लोकांनी श्रेय दादांना दिलं, दादा गप्प राहिले. ते गप्प राहणं चाळीस वर्षं पुरलं.

छापखाना बंद केला, तेव्हा संग्रहालयाच्या बाई थोरलीला न्यायला आल्या. काचेच्या कपाटात ठेवणार, शेजारी पाटी: हा टाईप कुणी घडवला.

“नाव एकदा लागलं की कायमचं,” त्या वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. “तुमचंच ना, दादा?”

दादांची मान हलली. हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. मी तोंड उघडणार, तोच आत्यानं डोळे वटारले.

बाईंनी एक कोरी फळी पुढे केली. “एखादं अक्षर काढून दाखवता? फोटो घेते.”

दादांनी पेन्सिल टेकवली. पहिली रेघ ओढली, ती सुलट्या अक्षराची. त्यांनी ती बोटानं पुसली. पुन्हा टेकवली. पुढे सरकेना.

“अहो बाई, कुठं त्याला छळता,” आत्या हसून म्हणाली. “हात थरथरतो त्याचा हल्ली. अर्धा चहा बशीत जातो, अक्षर कसलं काढतोय. लिहा नाव आणि चला, मी चहा टाकते.”

मी दादांच्या हाताकडे पाहिलं. लाकडावर लाकूड ठेवावं तसा तो स्थिर होता.

आत्या उठायला लागली. दादांनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं, आणि पेन्सिल तिच्या डाव्या मुठीत दिली.

“माझा हात थरथरत नाही, ताई,” ते म्हणाले. मग बाईंकडे न बघताच, “खोडा ते नाव. थोरली हिनं काढली. मी नुसतं लाकूड कोरलं.”