सोमवारची शाळा

माझी बायको लोरेटा हिनं एकोणीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवली. बस चालवणं सोडलं तशी ती शाळा मंडळावर निवडून आली, आणि सहा वर्षं बिनपगारी डोकेफोड करत राहिली. या एप्रिलच्या निवडणुकीला ती तिसऱ्यांदा उभी राहिली.

"पुरे कर आता," मी म्हणालो.

"सोमवारचा निकाल लागू दे, ऑरिन. मग बघू."

सोमवारचं प्रकरण असं. आमच्या एल्म फोर्कमध्ये शिक्षक टिकत नाहीत. शेजारच्या कार्व्हर गावात पगार जास्त, म्हणून दोन वर्षं झाली की जो तो तिकडं पळतो. पगार वाढवणं तर झेपत नाही. तेव्हा शाळेचा सगळा कारभार बघणारे सुपरिंटेंडंट ग्रेबर यांनी तोड काढली: शाळा मंगळवार ते शुक्रवार भरवायची, रोजचे तास थोडे लांबवायचे आणि सोमवारी सुट्टी. निदान सुट्टीच्या लोभानं तरी माणसं थांबतील.

लोरेटाचा याला कडाडून विरोध. "तिसरीतल्या निम्म्या पोरांना धड वाचता येत नाही, आणि तुम्ही शाळेचाच एक दिवस कापायला निघालात? शिवाय कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांनी सोमवारी पोरं कुठं ठेवायची? त्यांना दुपारी जेवायला कोण घालणार?"

मुद्दा बिनतोड होता. पंचाईत एवढीच, की आमची मुलगी जनेल त्याच शाळेत तिसरीला शिकवते, आणि तिला चार दिवसांची शाळा हवी होती. रविवारी जेवायला आली की भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा तोंडात जायच्या आत दोघींची जुंपायची.

"आई, तू सहा वर्षं खुर्चीत बसून बोलतेस. सत्तावीस पोरं एकटीनं सांभाळून बघ."

"मी पन्नास सांभाळत होते. तेही गाडी चालवताना, पाठ त्यांच्याकडं करून!"

मी बटाटे पुढं सरकवायचो. माझ्याकडं कुणी बघायचंही नाही.

मार्चमध्ये एका रविवारी, चर्च सुटल्यावर, शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. निवडणुकीत लोरेटाविरुद्ध ब्रेंट ऑटिंगर उभा होता. त्याचं टायरचं दुकान आहे. लोरेटानं वाचनाच्या चाचण्यांचे पाच वर्षांचे आकडे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणले होते. पुठ्ठा मीच धरून उभा होतो.

पहिला प्रश्न आला, शाळेच्या जेवणात चिलीच्या रश्श्याबरोबर मिळणारे दालचिनीचे रोल आता पूर्वीसारखे मऊ का नसतात? दुसरा, फुटबॉलच्या मैदानावरचा स्कोअरबोर्ड कधी बदलणार? तिसरे गृहस्थ सकाळी शाळेच्या दारात मोटारींची रांग लागते त्यावर अकरा मिनिटं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "प्रश्न असा काही नाही."

ब्रेंटचं प्रत्येकाला एकच उत्तर: "मी तुमचं ऐकून घ्यायला आलोय." लोक टाळ्या वाजवत होते. माझे हात भरून आले. लोरेटा माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "हा नुसता ऐकणारच असेल, तर त्याच्याऐवजी तिथं एक कुत्रं बसवा."

मग मागून जनेल उठली. "मिसेस हास्कॅम्प," ती म्हणाली. स्वतःच्या आईला! "गेल्या वर्षी चार जण शाळा सोडून गेले. आणखी दोघी जायच्या बेतात आहेत. त्यांना थांबवायला तुमच्याकडं काय आहे?"

लोरेटानं माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "आज तरी काही नाही. पण शिक्षक टिकवायचे म्हणून पोरांचा दिवस द्यायचा, हे मला पटत नाही. उद्याही पटणार नाही."

या वेळी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवणार होतो, पण हातात पुठ्ठा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यामागच्या वस्तीत घरोघर फिरलो. आल्मा नावाच्या बाईनं आम्हाला आत बोलावून कॉफी दिली. तिची तीन मुलं आमच्या शाळेत. "सोमवारी सुट्टी झाली तर मला काम सोडावं लागेल," ती म्हणाली. लोरेटाचा चेहरा उजळला. "मग मत द्यायला नक्की ये!" आल्मा कसंनुसं हसली. ती या देशाची नागरिक नव्हती, त्यामुळं तिला मतच नव्हतं. शेजारच्या चार घरांतही तेच.

मोटारीत बसताना लोरेटानं दार असं आपटलं की आरसा हलला. "ज्यांचं नुकसान, त्यांना मत नाही. ज्यांना मत आहे, त्यांना स्कोअरबोर्ड पाहिजे!"

तरी ती निवडून आली. एकतीस मतांनी. मी खूश झालो, पण माझी खुशी किराणा दुकानापर्यंतच टिकली. तिथं डेल वेसेलनं तिचा हात धरून सांगितलं, "तुलाच मत दिलं बरं का. बर्फ पडलं की तू आमच्या पोरीला पार दारापर्यंत सोडायचीस. पण सोमवारच्या सुट्टीला विरोध करायचं खूळ सोड आता." त्यानंतर दुधाच्या फ्रिजपाशी आणखी दोघांनी हेच ऐकवलं.

"मग मला मत दिलंत कशाला?" लोरेटा ओरडली.

"तू चांगली बाई आहेस म्हणून," डेल म्हणाला. त्याला खरंच कळेना, ही का चिडली ते.

मे महिन्याच्या मंडळाच्या बैठकीत सोमवारच्या सुट्टीचा ठराव पाच विरुद्ध दोन असा मंजूर झाला. लोरेटा हरली. मी कोट उचलला, तर ही तशीच बसलेली. म्हणाली, "आता माझा ठराव. सोमवारी इमारत उघडी ठेवा. ज्यांना यायचं त्यांनी यावं. वाचन घ्या आणि जेवण द्या."

ग्रेबरनी सुस्कारा सोडला. "लोरेटा, ड्रायव्हर कुठून आणू?"

"माझा परवाना अजून चालू आहे."

"आणि शिक्षक?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून जनेलचा वैतागलेला आवाज आला. "मी येते. महिन्यातून दोन सोमवार, सकाळी दोन तास. दुसऱ्या दोन सोमवारांना मी कुणालातरी गळ घालीन. पण आई, माझ्या वर्गात तू पाऊल टाकायचं नाहीस."

"मला हौस नाही," लोरेटा म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते. हा ठराव चार विरुद्ध तीन असा मंजूर झाला.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच सोमवारी लोरेटा पहाटे उठून बस घेऊन गेली. दुपारी मी शाळेत गेलो, तेव्हा मुलं जेवत होती. आल्माची तिन्ही पोरं त्यांत होती. तिचे दोन तास कधीच संपले होते, तरी जनेल दाराशी उभी राहून एका मुलीचं वाचन ऐकत होती. लोरेटा बाहेर बसच्या पायरीवर कागद घेऊन बसली होती.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी विचारलं.

"कसलं मनासारखं? नावं एकेचाळीस, आली सतरा." तिनं यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "यांच्या घरी फोन लाव. आणि त्यांनी उचलला नाही तर परत लाव."